पैनगंगेकाठच्या शेतात स्पेनची चांदी

प्रस्तावना

आदिलाबाद जिल्ह्यात स्पेनचं जुनं नाणं सापडेल का, हा प्रश्न वरवर पाहता अजब वाटतो. पण बेला, जैनद, तामसी, भीमपूर या पट्ट्यातल्या मराठी घरांतली तरुण मुलं तो आता मनापासून विचारतात. मोबाइलवर त्यांनी फ्लोरिडाचा समुद्रकिनारा पाहिलेला असतो. हातात मेटल डिटेक्टर घेतलेला माणूस वाळूवरून चालतो, यंत्र वाजतं, तो खाली बसून वाळू उकरतो आणि काळपट, ओबडधोबड चांदीचा तुकडा वर काढतो. त्यावर क्रूस असतो. तो तुकडा म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या अमेरिकन वसाहतीत पाडलेलं नाणं. मग मुलांच्या मनात येतं: आपल्या पैनगंगेच्या काठी, पडक्या गढीजवळ, ओसाड पांढरीत असं काही असेल का?

माझं उत्तर असं आहे. नाण्याच्या रूपात ते बहुधा सापडणार नाही. पण त्या नाण्याची चांदी इकडे केव्हाच येऊन पोचली आहे. शेतात वखराच्या पासेला लागून वर येणाऱ्या जुन्या मोगली रुपयात, आजीच्या रुपयांच्या माळेत, बंजारा बाईच्या पदरावरच्या नाण्यांत तिचा अंश असू शकतो. तो ओळखायला डोळा लागतो, आणि डोळ्याइतकंच त्या चांदीच्या प्रवासाचं ज्ञान लागतं. शेतात सापडणारी नाणी ओळखायला मदत करणाऱ्या या पुस्तिकेच्या सुरुवातीला म्हणूनच मी एका परक्या नाण्याची गोष्ट सांगतो आहे.

फ्लोरिडात नाणं नाण्याच्याच रूपात का सापडतं, हे आधी समजून घेऊ. 31 जुलै 1715 रोजी चक्रीवादळाने स्पेनच्या खजिन्याच्या ताफ्यातली अकरा जहाजं तिथल्या किनाऱ्याजवळ बुडवली. ती चांदी बाजारात पोचलीच नाही. ती वितळली नाही, खर्च झाली नाही, तिचे दागिने झाले नाहीत. म्हणून आजही वादळ होऊन गेलं की तिथल्या वाळूत नाणी उघडी पडतात. भारतात आलेल्या चांदीचं नशीब नेमकं उलटं होतं. ती सुखरूप पोचली, म्हणूनच तिचं मूळ रूप उरलं नाही.

हे नाणं म्हणजे आठ रियाल. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदीची प्रचंड खाण लागली. मेक्सिको शहरात त्याआधीच, 1536 च्या सुमारास, टांकसाळ सुरू झाली होती. पोतोसीची टांकसाळ 1570 च्या दशकात आली. त्याच दशकात स्पेनच्या व्हाइसरॉयने आजूबाजूच्या गावांतल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने खाणीत राबवण्याची सक्ती केली. पाऱ्याच्या साहाय्याने चांदी वेगळी काढण्याची पद्धत तिथे रुळली आणि त्या पाऱ्याने, धुळीने, दरडींनी असंख्य माणसं मेली. चांदीच्या चकाकीवर भाळणाऱ्या प्रत्येकाने हे ठाऊक करून घ्यावं. आपल्या घरातल्या वाळ्या-तोरड्यांच्या चांदीची वंशावळ काढली, तर ती या डोंगरापर्यंत जाऊ शकते.

आठ रियालाचं वजन सुरुवातीला साधारण 27.47 ग्रॅम आणि शुद्धता 93 टक्के होती. 1728 नंतर दोन्ही किंचित उतरली, वजन 27.07 ग्रॅमवर आलं आणि 1772 नंतर शुद्धता 90 टक्क्यांच्या आसपास स्थिरावली. आपल्या मापात सांगायचं तर सव्वादोन तोळ्यांहून जरासं जास्त. जुनी नाणी हाताने पाडलेली असत. चांदीची कांब ओतायची, तिचे तुकडे पाडायचे, कात्रीने कडा छाटून वजन जुळवायचं आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. त्यामुळे एकासारखं दुसरं नसे. कुणी तिकोनी, कुणी पाचकोनी, कुणावर अर्धाच क्रूस उमटलेला. 1732 पासून मेक्सिकोत यंत्राने पाडलेली गोल नाणी निघाली. त्यांच्यावर मुकुटाखाली जगाचे दोन गोलार्ध आणि दोन्ही बाजूंना दोन खांब दिसतात. 1772 पासून राजाचा मुखवटा आला. टांकसाळीची खूण अक्षरांत असते: मेक्सिकोच्या नाण्यावर रोमन एम आणि त्याच्या डोक्यावर छोटा ओ, पोतोसीच्या नाण्यावर सुरुवातीला नुसता पी आणि पुढे शहराच्या नावातली अक्षरं एकात एक गुंतवलेली. शेजारी कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. ही आद्याक्षरं, टांकसाळीची खूण आणि साल एकमेकांशी जुळतात का, हे तपासणं ही खरं-खोटं ठरवण्याची पहिली पायरी. आज बाजारात या नाण्यांच्या नकला ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या पुष्कळशा याच जुळणीत फसतात. चुंबकाला चिकटलं, वजन दोन-तीन ग्रॅमने कमी भरलं किंवा कडेवर ओतकामाची शिवण दिसली, तर पुढे पाहायची गरजच नाही.

ही चांदी हिंदुस्थानात बऱ्याच वाटांनी आली. सेव्हिल आणि काडिझहून ती अॅमस्टरडॅम, लंडनला जाई आणि तिथून डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरे. तांबड्या समुद्रातल्या मोख्याच्या बाजारातून सुरतेचे व्यापारी ती घेऊन येत. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं अकापुल्कोहून मनिलाला स्पेनची गलबतं जात. त्यांची चांदी पूर्व आशियात पसरली. गोव्याचा मामला याहून वेगळा. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होतं, त्यामुळे मांडवीकाठच्या त्या राजधानीवर साठ वर्षं स्पेनचे फिलिप राजे राज्य करत होते. मराठी मुलखाच्या इतक्या जवळ स्पेनचा राजा नांदून गेला, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

सुरतेत उतरल्यावर काय होई? मोगल टांकसाळ खुली होती. कुणीही चांदी घेऊन जावं, मजुरी आणि सरकारी हक्क भरावा आणि तेवढ्या चांदीचे रुपये घ्यावेत. परक्या राजाच्या शिक्क्याला मोगल मुलखात चलन म्हणून मान नव्हता. त्याला फक्त धातूचं मोल. सराफ नाणं तोलत, कसाला लावत आणि भट्टीत टाकत. मोगल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि आठ रियालाहून शुद्ध, म्हणून चांदी आणखी गाळून घ्यावी लागे. खर्च-वेच वजा जाता एका आठ रियालातून दोन रुपयांहून थोडं अधिक हाती येई. सराफांचा हा कडकपणा किती योग्य होता, ते 1649 मध्ये जगाला कळलं. पोतोसीच्या टांकसाळीत वर्षानुवर्षं हिणकस चांदी मिसळली जात असल्याचं उघड झालं, दोषींना फाशी झाली आणि पोतोसीच्या नाण्यावरचा विश्वास युरोपभर उडाला. शिक्क्यावर न विसंबता धातू पाहायचा, ही सुरतेच्या सराफाची रीत शहाणपणाची होती.

रुपया झालेली ही चांदी मग दक्षिणेकडे निघे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला गेला, तो औरंगाबाद, नांदेड आणि इंदूर, म्हणजे आजचं निजामाबाद, या वाटेने. 1676 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हिंदुस्थानातल्या नाण्यांची चित्रंसुद्धा आहेत. ही वाट आजच्या आदिलाबादच्या दक्षिणेला अगदी हाताच्या अंतरावर आहे. आणि या भागात विकत घेण्यासारखं पुष्कळ होतं. गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रम गावी निर्मळ भागातल्या लोखंडापासून मुशीत पोलाद तयार होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज भूशास्त्रज्ञ व्हॉयसी तिथे गेला, तेव्हा इराणी व्यापारी ते पोलाद घ्यायला थेट गावात येऊन राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. ज्या पोलादाच्या तलवारींना दमास्कसचं नाव मिळालं, त्याचा कच्चा माल आपल्या शेजारच्या गावात घडत होता. पोतोसीच्या डोंगरातून निघालेली चांदी आणि निर्मळच्या मातीतून निघालेलं लोखंड एकाच व्यापाराच्या दोन टोकांना होतं. या भागाला मागास म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता प्रत्यक्ष शेतात काय सापडतं, याकडे येतो. ज्याला स्पेनचं नाणं हवं असतं, त्याला याहून जुनं आणि आपल्यासाठी मोलाचं काही हाती लागू शकतं. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, आज जगित्याल जिल्ह्यात मोडणाऱ्या कोटिलिंगाल गावी, आहत (ठसे ठोकून पाडलेली) नाणी आणि सातवाहनांच्या आधीच्या स्थानिक राजांची नाणी मिळाली. सातवाहन घराण्याचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या सिमुकाच्या नावाची नाणीही तिथलीच. ही नाणी लहान असतात, गंजून हिरवी पडलेली, आणि बघणाऱ्याला खडा वाटावीत अशी. मराठी मुलखातून इकडे आलेली शिवराई तांब्याची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा नाण्याहून मोठा असल्याने अक्षरं बहुधा अर्धीच असतात आणि तरीही एकदा ओळख झाली की विसरली जात नाहीत.

निजामाचा रुपया तर इथल्या म्हाताऱ्या माणसांनी वापरलेला आहे. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार हे दोन शब्द अजून त्यांच्या तोंडी आहेत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेबही काहींना पाठ असतो. 1857 पर्यंत हैदराबादचं नाणं दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडलं जाई, त्यामुळे नाव मोगलाचं दिसलं म्हणून ते दिल्लीचं नाणं ठरत नाही. 1903-04 पासून चारमिनारचं चित्र असलेला यंत्राचा रुपया आला. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर कोरलेलं असतं: मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. त्यात चांदी 82 टक्क्यांच्या आसपास. इंग्रजी कलदार 11.66 ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. निजामाच्या नाण्यांवरची सालं बहुधा हिजरी असतात. महसुली हिशेबातल्या फसली सालाची आणि हिजरी सालाची गल्लत करू नये.

कधी कधी नाण्याला भोक असतं किंवा कडीचा डाक दिसतो. असं नाणं बाजारातून नव्हे, गळ्यातून पडलेलं असतं. गोंड आणि बंजारा बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नाणी अंगावर घातली आणि मराठी घरांतली पुतळ्यांची माळ तर व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरून घडली. त्या नाण्यावर संतापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आहे. परदेशी नाणं वितळू न देता आपण ज्या एका ठिकाणी सांभाळून ठेवलं, ते ठिकाण म्हणजे बाईच्या अंगावरचा दागिना. स्पेनचं नाणं आपल्या भागात कधी अखंड सापडलंच, तर तेही कडी लावलेलं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

यंत्राबद्दलही थोडं सांगायला हवं. मेटल डिटेक्टरच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जमिनीतल्या धातूत त्याने भोवरे-प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपतं. चांदी विजेची उत्तम वाहक, म्हणून तिचा आवाज खणखणीत येतो. पण तांब्याचा जाड तुकडा आणि अॅल्युमिनियमचं झाकणही जवळपास तसंच वाजतं. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला वीतभर खोलीपर्यंतच नीट कळते. त्यात आपली जमीन काळी, बेसॉल्ट झिजून झालेली, लोहकणांनी भरलेली. ती स्वतःच यंत्राच्या कानात कुजबुजत राहते. कापसाच्या शेतात यंत्र फिरवलं तर बैलांच्या पत्र्या, तुटलेले फाळ, फवारणीच्या बाटल्यांची झाकणं आणि गुटख्याच्या पुड्या यांनीच पोतं भरेल.

काळ्या मातीचा आणखी एक गुण शोधणाऱ्याला माहीत हवा. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वरची वस्तू त्या भेगांत घसरून खाली जाते. पावसात माती फुगते, भेगा मिटतात, वस्तू तिथेच अडकते. वर्षानुवर्षं हे चाललं की थर उलटेपालटे होतात. म्हणून सुटं नाणं किती खोल सापडलं यावरून त्याचं वय सांगता येत नाही. पुरलेल्या मडक्याची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. मडक्यातली नाणी कुणीतरी एका दिवशी एकत्र ठेवलेली असतात. त्यांतलं सर्वांत नवं नाणं कोणतं, हे कळलं की मडकं केव्हा पुरलं असेल याचा अंदाज येतो. किती टांकसाळींची नाणी आहेत यावरून व्यापाराची वाट कळते. किती झिजलेली आहेत यावरून ती किती फिरली ते कळतं.

यासाठी मी नेहमी दोन उदाहरणं देतो. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला, याची साक्ष त्या नाण्यांवर उघड उमटलेली आहे. दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. वऱ्हाडातल्या तऱ्हाळा गावी 1939 मध्ये सातवाहन नाण्यांचा साठा निघाला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या कुंभ, कर्ण, शक या सातकर्णी राजांची नावं उजेडात आली. तो साठा गावच्या सोनाराच्या मुशीत गेला असता, तर तीन राजे इतिहासातून कायमचे गेले असते. तऱ्हाळ्याची नाणी नागपूरच्या वस्तुसंग्रहालयापर्यंत पोचली, ही मला त्या नाण्यांइतकीच मोठी गोष्ट वाटते.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाण्यापेक्षा त्याची जागा मोलाची. स्पेनच्या चांदीचा प्रवास आपल्याला आज सांगता येतो, तो नाणी दिसली म्हणून नव्हे; कुठल्या जहाजातून किती पेट्या उतरल्या, कुठल्या टांकसाळीत किती चांदी गेली, हे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. शेतातल्या नाण्याची नोंद आपण ठेवली नाही, तर पुढच्या पिढीला आपल्या भागाचा इतिहास तसा सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये 1997 पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना चालते. हौशी लोकांनी स्वतःहून दाखवलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. तसं आपल्याकडे जिल्हा पातळीवर व्हायला हवं, आणि ते मराठी, तेलुगू, गोंडी तिन्ही भाषांत व्हायला हवं.

कायद्याचा तपशील थोडक्यात. सीमेपलीकडे यवतमाळ-चंद्रपुराकडे 1878 चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं आणि लपवलं तर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते. तेलंगणातही सापडलेलं सरकारदरबारी कळवायचं, तहसीलदाराकडे किंवा ठाण्यात. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. गढ्या, देवळं, गोंडांची दैवतं आणि थडगी यांच्या आसपास यंत्र घेऊन जाऊच नये. केस्लापूरचा नागोबा ज्यांचा देव आहे, त्यांच्या श्रद्धेची जमीन आपल्या हौसेसाठी नाही.

गुप्तधनाच्या नावाने चालणारे प्रकार तर याहून वाईट. अमावास्या, पायाळू माणूस, बळी, मांत्रिक यांच्या नादात या सीमाभागात किती घरं बुडाली, ते इथल्या लोकांना सांगायला नको. महाराष्ट्राने 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी होणारी अघोरी कृत्यं गुन्हा ठरवली, हे फार चांगलं झालं. जमिनीतलं नाणं कुणाच्या मंत्राने वर येत नाही. ते नांगराने येतं, पावसाने येतं, विहिरीच्या खोदकामात येतं.

म्हणून वाचकांना, विशेषतः शेतकऱ्यांना आणि तरुणांना, विनंती आहे. नाणं सापडलं तर चिंच, राख, लिंबू लावून घासू नका. त्यावरची गंजाची पुटं हा त्याचा पुरावा असतो. जागेवरच फोटो घ्या, शेताचा सर्व्हे नंबर, खोली आणि तारीख लिहून ठेवा. मडकं असेल तर फोडू नका आणि खापरं टाकून देऊ नका. सोनाराकडे जाण्याआधी तहसील कार्यालयात जा, आणि ओळख पटवायची असेल तर हैदराबादचं राज्य वस्तुसंग्रहालय, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था यांच्याशी संपर्क साधा. तिथली अभ्यासू माणसं एका झिजलेल्या तांब्याच्या तुकड्यासाठीही वेळ देतात.